स्कल किंग कसा खेळायचा? चाच्यांच्या पत्त्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कल किंगची नियमपुस्तिका इंग्रजीत आहे आणि तशी छोटीच आहे. पण पानं वाटून झाल्याशिवाय ती कोणी उघडत नाही. मग डाव मध्येच थांबतो, कोणीतरी "जलपरी मोठी की चाचा?" विचारतं आणि दहा मिनिटं वाद चालतो. असे वाद ज्या प्रश्नांवर हमखास होतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

हा नेमका कसला खेळ आहे?

हात करण्याचा. सगळ्यांनी एकेक पान टाकायचं, ज्याचं भारी त्याचा तो हात. प्रत्येक फेरीत पानं बघायची, आपले किती हात होतील ते आधी बोलायचं, आणि मग बोललो तेवढेच करून दाखवायचे. कमी झाले तर दंड, जास्त झाले तरी दंड. अमेरिकेच्या ग्रँडपा बेक्स गेम्स या कंपनीने तो २०१३ साली काढला, रचना ब्रेंट बेक यांची. फेऱ्या दहा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक पान, दुसरीत दोन, असं करत दहावीत दहा.

खजिना आहे, पण लुटून ढीग लावणारा जिंकत नाही. दहापैकी आठ हात ओढणारा माणूस सात बोलला असेल तर त्याच्या नावावर वजा दहा लागतात, आणि शून्य बोलून गप्प बसलेली समोरची मावशी शंभर घेऊन जाते. नव्या माणसाला हे पचायला दोन-तीन फेऱ्या लागतात.

आम्ही घरी जजमेंट खेळतो. मग यात वेगळं काय?

जजमेंट किंवा काचुफूल येत असेल तर निम्मा खेळ आलाच. रंग पाळायचा, रंग नसेल तर हुकूम मारायचा किंवा पान सोडायचं, हे सगळं तेच.

फरक मुख्यतः तीन. जजमेंटमध्ये हुकूम दर डावाला बदलतो. इथे काळा रंग पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत हुकूम. दुसरं, आपल्याकडे बोली एकामागून एक लागते आणि शेवटच्याला 'बेरीज जुळता कामा नये' हे बंधन असतं. इथे सगळे एकदम बोलतात, त्यामुळे तसं बंधन नाही. बोलींची बेरीज हातांइतकीही होऊ शकते. तशी झाली तर फेरी शांततेत जाते, पण होते क्वचितच. तिसरा आणि खरा फरक म्हणजे हुकमालाही मारणारी पानं: चाचे, जलपऱ्या आणि खुद्द स्कल किंग. जजमेंटमध्ये हुकमाचा एक्का हातात असला की एक हात नक्की. स्कल किंगमध्ये नक्की असं काहीच नाही, आणि मला तरी तेच आवडतं.

गड्डीत कोणकोणती पानं असतात?

चार रंग, प्रत्येकात १ ते १४, म्हणजे ५६ पानं. पिवळ्यावर खजिन्याची पेटी, हिरव्यावर पोपट, जांभळ्यावर नकाशा आणि काळ्यावर कवटीचा झेंडा, म्हणजे जॉली रॉजर. पिवळा, हिरवा आणि जांभळा यांची किंमत सारखी. काळा हुकूम.

विशेष पानं चौदा: पाच पांढरी निशाणं, पाच चाचे, दोन जलपऱ्या, एक टायग्रेस आणि एक स्कल किंग. एकूण ७०. नव्या आवृत्तीत यावर आणखी चार येतात: क्रॅकन (दंतकथेतला समुद्री राक्षस), पांढरा देवमासा आणि लुटीची दोन पानं. ही चार पहिल्या खेळाला डब्यातच ठेवा.

बोली लावायची कशी?

पानं बघून झाली की सगळ्यांनी मूठ पुढे करायची, "यो-हो-हो" म्हणत ती हलवायची आणि शेवटच्या 'हो'ला जितके हात करणार तितकी बोटं उघडायची. शून्य बोलायचं असेल तर मूठ मूठच राहते. दुसऱ्याची बोटं बघून आपली बदलणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्यावर उपाय म्हणजे बोली कागदावर लिहून एकदम उलटायच्या. यो-हो-होची मजा जाते, पण भांडणही जातं.

सगळ्यांच्या बोली लगेच कागदावर मांडून ठेवा. खेळताना "मी दोन बोललो होतो" आणि "नाही, तीन!" हे होणारच.

उतारी कोण करतं?

उतारी म्हणजे हाताचं पहिलं पान टाकणं. ती करतो वाटणाऱ्याच्या डावीकडचा. त्यानंतर जो हात करेल तो. वाटप दर फेरीला डावीकडे सरकतं.

हातात हिरवं पान आहे आणि उतारी हिरव्याची आहे. तरी चाचा टाकता येतो का?

येतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

रंग पाळण्याचं बंधन फक्त आकड्यांच्या पानांना लागू आहे. हिरव्याची उतारी असताना तुमच्याकडे हिरवं असेल, तर पिवळं, जांभळं किंवा काळं टाकता येणार नाही. हुकूमही मारता येणार नाही. पण विशेष पान, मग ते निशाण असो, चाचा असो, जलपरी असो की स्कल किंग, कधीही टाकता येतं. हिरवा १४ हातात ठेवून पांढरं निशाण दाखवणं पूर्ण नियमात बसतं. चीटिंग म्हणून ओरडू नका.

कोण कोणाला मारतं?

उतारीच्या रंगात मोठा आकडा लहान आकड्याला मारतो. काळा बाकी तिन्ही रंगांना मारतो, म्हणजे काळी दुर्रीसुद्धा पिवळ्या १४ला भारी. जलपरी सगळ्या आकड्यांना मारते, काळ्यासकट. चाचा आकड्यांना मारतो आणि जलपरीलाही. स्कल किंग आकड्यांना आणि चाच्यांना मारतो. आणि स्कल किंगला मारते जलपरी.

म्हणजे वरचे तिघे गोल फिरतात: चाचा जलपरीला, जलपरी राजाला, राजा चाच्याला. पांढरं निशाण कोणालाच मारत नाही, आणि त्याचं कामच ते आहे.

एकाच हातात दोन चाचे आले तर पहिला पडलेला जिंकतो. दोन जलपऱ्यांचंही तसंच. चाच्यांमध्ये लहानमोठा कोणी नाही, चित्रातला मिशीवाला कितीही दांडगा दिसला तरी.

आणि तिघेही एकाच हातात आले तर?

जलपरी जिंकते. कोण आधी पडलं, कोण नंतर, याने फरक पडत नाही.

एक हात प्रत्यक्ष बघू. सहा जण बसलेत. पहिल्याने हिरवा ९ उतरवला. दुसऱ्याने हिरवा १४ टाकला. तिसऱ्याकडे हिरवं नाही, त्याने काळी दुर्री मारली आणि मनात एक हात मोजला. चौथ्याने चाचा टाकला. पाचव्याने चाचा बघितला आणि स्कल किंग आपटला, टेबलावरचे चहाचे कप हलले. सहाव्या जागेवर बसलेल्या आजीने चष्मा नीट केला आणि जलपरी ठेवली. हात आजीचा. राजा पकडल्याचे ४० आणि हिरवा १४ मिळाल्याचे १०, असे ५० जास्तीचे गुण तिच्या खात्यात, अर्थात तिची बोली बरोबर ठरली तर. पाचवा मात्र संकटात. राजावर मोजलेला हात गेला आणि आता तो कुठून काढायचा?

म्हणूनच स्कल किंग शक्यतो शेवटच्या जागेवरून टाकावा. पुढे बसलेले जितके जास्त, तितकी जलपरीची भीती जास्त.

उतारीलाच विशेष पान टाकलं तर रंग कोणता?

निशाण उतरवलं तर पुढचं पहिलं आकड्याचं पान रंग ठरवतं. चाचा, जलपरी किंवा स्कल किंग उतरवला तर त्या हाताला रंगच नाही, ज्याला जे हवं ते टाकावं. नको असलेला पिवळा १३ सोडून द्यायची याहून चांगली संधी नाही. सगळ्यांनीच निशाणं टाकली, तर पहिलं निशाण टाकणाऱ्याचा हात. शून्य बोलून निशाण उतरवलेला माणूस असा कधीतरी बुडतो आणि बाकीचे महिनाभर आठवण काढतात.

गुण कसे मोजायचे?

एक किंवा जास्त बोललात आणि तेवढेच हात झाले, तर प्रत्येक हाताला २० गुण. दोन बोलून दोन झाले की ४०. चुकलं तर केलेल्या हातांचं काहीच मिळत नाही, उलट जितक्याने चुकलं तितके दहा-दहा वजा. दोन बोलून चार झाले तर वजा २०. दोन बोलून एकही झाला नाही तरी वजा २०.

शून्याचा हिशोब वेगळा. शून्य बोलून खरोखर शून्य राहिलात, तर त्या फेरीत जितकी पानं वाटली त्याच्या दहापट गुण. आठव्या फेरीत ८०. एकही हात झाला तर तेच ८० वजा. एक झाला काय आणि चार झाले काय, वजा ८०च. त्यामुळे शून्य एकदा फुटलं की तो खेळाडू मोकाट सुटतो. त्याला स्वतःचं काही राखायचं नसतं, आता दुसऱ्यांचे हात हिसकावून त्यांच्या बोली मोडणं एवढंच उरतं. शून्यवाल्याला लवकर फोडायचं की नाही, याचा विचार आधी करा.

बोनस केव्हा मिळतो?

बोली बरोबर ठरली तरच. जिंकलेल्या हातात पिवळा, हिरवा किंवा जांभळा १४ असेल तर प्रत्येकी १०. काळा १४ असेल तर २०. चाच्याने जलपरी पकडली तर २०. स्कल किंगने पकडलेल्या प्रत्येक चाच्याचे ३०. जलपरीने स्कल किंग पकडला तर ४०.

एका हातात दोन चाचे आणि वरून स्कल किंग पडला तर ६० बोनस एकदम. असा हात झाला की ते गुण कागदाच्या कडेला लगेच लिहा, फेरी संपल्यावर कोणाला आठवत नाही.

पानं बघून बोली किती लावायची, हे कळायचं कसं?

खेळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा पाच जण आहेत आणि सहावी फेरी. तुमच्या हातात एक चाचा, काळा ११, पिवळा १४, पिवळी तिर्री, जांभळी सत्ती आणि एक पांढरं निशाण. जजमेंटची सवय असलेला माणूस म्हणेल: चाच्याचा एक, काळ्याचा एक, पिवळ्या १४चा एक, बोला तीन!

थांबा. ७० पानांपैकी ३० वाटली गेली आहेत, ४० बाजूला पडून आहेत. तुमची दोन सोडली तर पिवळी उरली १२, आणि ती न दिसणाऱ्या ६४ पानांत विखुरलेली. बाकी चौघांकडे मिळून २४ पानं, म्हणजे त्यांच्यात सरासरी साडेचार पिवळी. चौघांत साडेचार! कोणीतरी एक जण पिवळ्यावाचून कोरडा असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याच्याकडे काळं असेल तर तुमचा १४ मेला. शिवाय कोणीही चाचा टाकू शकतोच. जजमेंटचा एक्का आणि इथला १४ यांची बरोबरी करू नये ती यासाठी.

चाच्याचा हात बऱ्यापैकी भरवशाचा. काळा ११ आणि पिवळा १४ या दोघांतून मिळून एक धरावा. तिर्री आणि सत्ती फुकट. निशाण सुटकेसाठी. मी दोन बोलेन. दोन्ही हात लवकर झाले तर उरलेलं मोठं पान निशाणासारखं लपवता येत नाही, हे लक्षात ठेवून पिवळा १४ आधीच चालवावा. लागला तर लागला, कापला गेला तर काळ्याकडे बघायचं.

पहिल्या फेरीत एकच पान असतं. तेव्हा काय बोलायचं?

सरळ हिशोब आहे. शून्य बरोबर ठरलं तर १०, एक बरोबर ठरलं तर २०, आणि चुकलं तर दोन्हीकडे वजा १०. त्यामुळे दहातल्या चारपेक्षा जास्त वेळा हात होईल असं वाटलं तर एक बोलणं फायद्याचं. पान निम्म्याहून जास्त वेळा जिंकणारं असण्याची गरज नाही. लोक इथे उगाच घाबरतात.

बोललेले हात पूर्ण झाले आणि अजून चाचा हातात आहे. आता?

दुसऱ्या चाच्याची वाट बघा. कोणी चाचा टाकला की त्याच्यावर आपला टाका. पहिला जिंकतो, तुमचा सुटला. स्कल किंगखालीही चाचा सुटतो, पण मग समोरच्याला ३० चा बोनस आयता मिळतो. जलपरी सोडायची असेल तर चाच्याखाली सोडावी, किंमत २०. स्कल किंग सोडणं मात्र महाकठीण, त्याला फक्त जलपरी खाते. म्हणून ज्याच्या हातात राजा आहे त्याने शून्य बोलायचं स्वप्न बघू नये.

टायग्रेस म्हणजे काय?

ते पान टाकताना तुम्ही सांगायचं: ही चाचा आहे की निशाण. टाकतानाच, नंतर नाही. जुन्या आवृत्त्यांत तिचं नाव स्केरी मेरी होतं. माझ्या मते गड्डीतलं सगळ्यात मौल्यवान पान हेच. राजापेक्षाही. हात हवा असेल तेव्हा हात, नको असेल तेव्हा सुटका.

क्रॅकन आणि देवमासा कधी घ्यावेत?

सगळ्यांच्या तोंडी मूळ खेळ बसला की. त्याआधी घेतले तर नवे लोक वैतागतात.

क्रॅकन पडला की तो हात बुडाला, कोणाचाच नाही. क्रॅकन नसता तर ज्याचा झाला असता, त्याने पुढची उतारी करायची. दहाव्या फेरीत मग दहाऐवजी नऊच हात उरतात आणि सगळ्यांच्या बोलींचं गणित कोलमडतं.

पांढरा देवमासा पडला की विशेष पानांचा जोर संपतो. रंगही संपतो. फक्त आकडा बघायचा, सगळ्यात मोठा आकडा जिंकला. काळ्याला हुकमाचा मान नाही. सारखा आकडा आला तर आधी पडलेला. सगळीच विशेष पानं असतील तर हात रद्द, आणि देवमासा टाकणाऱ्याची उतारी.

दोघेही एकाच हातात आले तर नंतर पडलेल्याचं चालतं, आधीचा निशाणासारखा पडून राहतो.

लुटीच्या पानांचं काय?

लुटीचं पान निशाणासारखंच हरतं. पण ते टाकणारा आणि तो हात जिंकणारा यांची त्या फेरीपुरती युती होते. दोघांच्याही बोली बरोबर आल्या तर दोघांना २०-२०. एकाची चुकली की दोघांना काही नाही. शून्य बोललेल्यासाठी हे पान पर्वणीच: हातही टळतो आणि गुणही येतात. शिवाय पाच मिनिटांपूर्वी ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच बोलीसाठी आता देव पाण्यात ठेवायचे, हा तमाशा बघण्यासारखा असतो.

चाच्यांना वेगवेगळी नावं आहेत, ती कशासाठी?

साध्या खेळात फक्त शोभेला. प्रगत खेळात प्रत्येक चाच्याची एक करामत असते, आणि त्या चाच्याने हात जिंकला तरच ती वापरता येते. रोझीने जिंकलात तर पुढची उतारी कोणी करायची ते तुम्ही ठरवता. बँडिटने जिंकलात तर गड्डीतून दोन पानं घेऊन हातातली दोन टाकता. रोआटानच्या रास्कलने जिंकलात तर आपल्या बोलीवर ०, १० किंवा २० गुणांची पैज लावता. हुआनिता जेड न वाटलेली पानं गुपचूप बघू देते. आणि हॅरी द जायंट तुमची बोली एकाने वाढवू किंवा घटवू देतो.

हॅरी सगळ्यात बलवान वाटतो आणि आहेही. पण मुरलेल्या खेळाडूच्या हाती रोझी दिली तर ती जास्त नुकसान करते.

वजा गुणांनी मुलं रडतात. काही सोपी पद्धत आहे का?

आहे, रास्कलची गुणपद्धत. प्रत्येक फेरीत सगळ्यांना सारखीच कमाई शक्य: वाटलेल्या प्रत्येक पानाचे १०. सातव्या फेरीत ७०. बोली अचूक आली तर पूर्ण ७०, एकाने चुकली तर निम्मे म्हणजे ३५, दोन किंवा जास्तने चुकली तर शून्य. वजा नाहीच. शेवटपर्यंत सगळे शर्यतीत राहतात. मात्र शून्य बोलण्यातला थरार यात बराच कमी होतो, म्हणून मोठ्यांनी मूळ पद्धतच खेळावी असं मला वाटतं.

डब्यावर वय आठ वर्षांपासून दिलंय. घरच्यांचे झब्बू आणि पाच-तीन-दोन खेळून झालेलं मूल असेल तर अडचण येत नाही. इंग्रजी न वाचणाऱ्या आजीआजोबांनाही येत नाही, कारण पानांवर आकडे, रंग आणि चित्रं आहेत. अडखळतात ते करामतींवर, आणि त्या वगळता येतात.

किती जणांत चांगला रंगतो?

नव्या आवृत्तीत दोन ते आठ. माझं मत पाच किंवा सहा. आठ जण असतील तर नवव्या आणि दहाव्या फेरीत पानं पुरत नाहीत, तेव्हा आठ-आठच वाटा. दोघंच असाल तर तिसरी पानं एका भुताला वाटतात. भूत बोली लावत नाही, त्याची पाळी आली की त्याचं वरचं पान उलटायचं. चालतं, पण दोघांनी दुसरं काहीतरी खेळावं.

खेळ विकत न घेता घरच्या पत्त्यांवर खेळता येईल का?

येईल. मागून अगदी सारखे दिसणारे दोन कॅट हवेत, नाहीतर चाचा कोणाकडे आहे ते पाठीवरूनच कळेल.

पहिल्या कॅटमधली सगळी ५२ पानं आकड्यांची. दुर्री ते दश्शी जशीच्या तशी, गुलाम ११, राणी १२, राजा १३ आणि एक्का १४. इस्पिक हा कायमचा हुकूम. दुसऱ्या कॅटमधून चार गुलाम काढा, ते चाचे. लाल रंगाच्या दोन राण्या जलपऱ्या, इस्पिकची राणी टायग्रेस, इस्पिकचा राजा स्कल किंग. दोन्ही कॅटमधले मिळून चार जोकर म्हणजे पांढरी निशाणं. दुसऱ्या कॅटच्या आठही पानांवर दर्शनी बाजूला जाड स्केच पेनने मोठी फुली मारा, कारण साधा इस्पिक राजा आणि स्कल किंग यांत गल्लत झाली तर त्या संध्याकाळी जेवण होणार नाही.

एकूण ६४ पानं होतात. सहा जणांना दहावी फेरी पुरते. सात जण असतील तर शेवटच्या दोन्ही फेऱ्यांत नऊ-नऊ वाटा. चाचे पाचाऐवजी चार आणि निशाणंही चारच असल्यामुळे शून्य राखणं थोडं अवघड जातं, बाकी खेळ तोच.

यातले चाचे खरे होते का?

पानांवरचे काल्पनिक आहेत. रोआटान मात्र खरं आहे, होंडुरासच्या किनाऱ्यासमोरचं बेट, आणि सतराव्या शतकात तिथे समुद्री लुटारूंचा वावर होता.

मुलांना खऱ्या खजिन्याची गोष्ट सांगायची तर त्यासाठी कॅरिबियनला जायला नको. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. मक्केच्या यात्रेहून सुरतेकडे परतणारं, माणसांनी आणि सोन्याचांदीने भरलेलं. बादशहा भडकला आणि सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकलं. एव्हरीचे काही साथीदार पुढे लंडनला फासावर गेले. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. शून्य बोलून शून्य राखणारा म्हणायचा तर तो.

आणि "कान्होजी आंग्रे पण चाचे होते ना?" असं कोणी विचारलंच, तर तसं ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत लिहिलेलं असतं. ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं हा त्यांचा आग्रह, आणि न घेणाऱ्यांना पकडणं हे त्यांचं काम. कंपनीला ते रुचलं नाही, म्हणून शब्द तसा निवडला.

आमच्या डब्यातल्या पुस्तिकेत जलपरीने राजा पकडल्याचे ५० लिहिलेत. तुम्ही ४० कसे सांगता?

तुमची आवृत्ती जुनी आहे. जुन्या नियमांत ५० होते, नव्यात ४० झाले, आणि चाच्याने जलपरी पकडल्याचे २० नव्याने आले. कोणतेही चालतील, पण पहिली फेरी वाटण्याआधी एकदा मोठ्याने सांगून कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. आजीने राजा पकडल्यानंतर ही चर्चा काढलीत तर आजी ५०च घेणार.